नजरेनं अंतर कसं मापायचं: शिवारात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

मे महिन्यातली गोष्ट. यावल तालुक्यातला केळीचा मळा. विहीर एका टोकाला, बाग दुसऱ्या टोकाला आणि मधून एक नाला. विहिरीपासून बागेपर्यंत पाण्याच्या पाइपची नवी मेन लाइन टाकायची होती. टेप सोबत नव्हता, म्हणून बांधावर उभं राहून मी आकडा सांगितला: 400 फूट. दुसऱ्या दिवशी पाइप आले. जोडत गेलो आणि बागेच्या बऱ्याच अलीकडे माल संपला. टेप आणून लावला तर अंतर भरलं 540 फूट. वीस फुटी सात पाइप कमी पडले होते. टेम्पो जाऊन परत येईपर्यंत उभ्या बागेला तीन दिवस पाणी मिळालं नाही. खान्देशातल्या मे महिन्यात केळीचं पान दुपारी कशी मान टाकतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको. मळ्याचे आप्पा मला लागेल असा एक शब्दही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून नजरेचा अभ्यास मी मनावर घेतला.

ठिबकच्या मोजमापाला दरवर्षी नवी पोरं येतात. त्यांना पहिल्या पंधरा दिवसांत जे शिकवतो, तेच इथे सविस्तर लिहितो आहे. गाडी चालवणाऱ्याला, सातपुड्यात भटकणाऱ्याला, चित्र काढणाऱ्यालाही यातलं बरंच कामी येईल. एक मात्र आधीच सांगतो. नजरमाप टेपची जागा घेत नाही. माल मागवायचा असेल तर टेपच लावायचा. पण टेप वाचताना एखादा आकडा चुकला, शंभराचा एक टप्पा मोजायचा राहून गेला, तर "हे काही बरोबर वाटत नाही" असं जी सांगते ती तयार नजरच.

पहिली पायरी: डोळा नेमकं काय पाहतो ते समजून घ्या

हात सरळ पुढे करून अंगठा उभा धरा आणि एक डोळा मिटा. लांबच्या रस्त्यानं जाणारी अख्खी एसटी त्या अंगठ्याआड जाते. डोळ्याच्या दृष्टीनं त्या क्षणी अंगठा आणि एसटी सारखेच, कारण दोघांनी डोळ्याशी केलेला कोन सारखा. डोळ्यात शिरतो तो फक्त हा कोन. वस्तू किती मोठी आणि किती लांब, हे त्या कोनात लिहिलेलं नसतं. तो हिशेब मेंदू करतो, आणि इतक्या झटपट करतो की आपल्याला ते थेट दिसल्यासारखंच वाटतं.

हा हिशेब घरबसल्या पकडता येतो. पांढऱ्या कागदावर रुपयाएवढा गडद लाल गोल काढा. अर्धा मिनिट त्याच्याकडे टक लावून पाहा, पापणी शक्यतो हलू देऊ नका. मग हातातल्या कोऱ्या पानाकडे बघा. तिथे हिरवट-निळसर डाग तरंगताना दिसेल. आता नजर उचलून खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर न्या. तोच डाग भिंतीवर केवढा तरी मोठा दिसतो! डोळ्यातला ठसा तोच आहे, कोनही तोच. बदललं ते फक्त अंतर. ते वाढलं म्हणून मेंदूनं डागाचा आकारही वाढवला. एमिल एमर्ट या स्विस नेत्रतज्ज्ञानं 1881 मध्ये हा नियम मांडला.

म्हणजे आकार आणि अंतर ही जोडगोळी आहे. एक पक्कं ठाऊक असेल तर दुसरं काढता येतं. दोन्ही ठाऊक नसतील तर मेंदू एक धरून चालतो, आणि धरलेलं चुकलं की दुसरंही चुकतं. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या दोहोंपैकी एक पक्कं कसं करायचं, त्याबद्दल आहे.

दुसरी पायरी: आधी स्वतःला मोजा

वहीच्या पहिल्या पानावर चार आकडे लिहा. तुमची उंची. जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची, म्हणजे साधारण डोक्यापेक्षा चार-साडेचार इंच कमी. हात ताणून धरल्यावर डोळ्यापासून अंगठ्यापर्यंतचं अंतर. आणि तुमचं पाऊल.

पाऊल मोजायला घरासमोर दोन पावलं टाकून भागत नाही. सपाट जागी टेपानं 100 फूट आखा आणि नेहमीच्या चालीनं चारदा ये-जा करा. डावा पाय पडला की एक, असं जोडपावलानं मोजा, चूक कमी होते. माझं जोडपाऊल पाच फुटांचं भरतं, म्हणजे 100 फुटांना वीस. पाणी भरलेल्या रानात किंवा नांगरटीच्या ढेकळांत तेच चार फुटांवर येतं. तेव्हा दोन्हींचे आकडे वेगळे लिहून ठेवा. उन्हात दमल्यावरही पाऊल आखडतं, त्यामुळे एखादा आकडा दुपारचाही हवा.

तिसरी पायरी: डोळ्यात पक्की बसवायची मापं

फूट आणि मीटर हे नुसते आकडे आहेत, डोळ्यासमोर उभे राहत नाहीत. उभी राहते ती रोजच्या पाहण्यातली वस्तू. मी पोरांना सगळ्यात आधी क्रिकेटची खेळपट्टी डोळ्यात बसवायला सांगतो. ती 22 यार्डांची, म्हणजे 66 फुटांची. गावातलं प्रत्येक पोरगं हजार वेळा त्या टोकापासून या टोकापर्यंत धावलेलं असतं, डोळे मिटले तरी ती समोर दिसते. आणि योग असा, की गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. खेळपट्टीची लांबी म्हणजे बरोब्बर दोन गुंठ्यांच्या बाजू. एक खेळपट्टी रुंद आणि दहा खेळपट्ट्या लांब असा पट्टा मनात आखला की झाला एक एकर, 43,560 चौरस फूट. चौरस एकर हवा असेल तर एक बाजू सुमारे 209 फूट, म्हणजे तीन खेळपट्ट्यांहून थोडी जास्त.

दुसरं माप आपल्या भागात आयतंच आखलेलं असतं: केळीची लागवड. बाग पाच बाय पाच फुटांची असेल तर ओळी मोजा आणि पाचानं गुणा. एकरी साधारण 1,742 खोडं बसतात. पण लागवड पाच बाय पाचचीच आहे हे गृहीत धरू नका. कुणी सहा बाय पाच करतं, कुणी जोडओळ पद्धत घेतं. आधी दोन ओळींमध्ये टेप लावायचा, मग मोजायला सुरुवात.

रेल्वेच्या कडेला राहणाऱ्यांसाठी आणखी दोन मापं आहेत. ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर 1,676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट, बेताच्या उंचीच्या माणसाएवढं. आणि भुसावळच्या आसपास जी विजेची लाइन दिसते, तिच्या दोन खांबांत सरळ पट्ट्यात जास्तीत जास्त 72 मीटर अंतर असतं, वळणावर कमी. डब्याच्या खिडकीतून शिवार पाहताना हे खांब म्हणजे चालती फूटपट्टी.

गावातल्या विजेच्या खांबांचं मात्र एकच माप सांगता येत नाही, जागेप्रमाणे बदलतं. तुमच्या गल्लीतले दोन खांब स्वतः मोजा.

चौथी पायरी: जमीन वाचायला शिका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे थांबून बोलतो.

हाताच्या पोचेतल्या कामाला दोन डोळे लागतात. एक डोळा मिटून पेनाला टोपण लावून बघा, दोन-तीनदा हुकतं. डाव्या आणि उजव्या डोळ्याला थोडं वेगळं चित्र दिसतं आणि त्या फरकातून खोली कळते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये दाखवून दिलं. पण दोन डोळ्यांत अंतर जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर. वस्तू जसजशी लांब जाते तसतसा दोन चित्रांतला फरक झपाट्यानं घटतो, आणि शेताच्या पलीकडच्या बांधासाठी त्याचा फारसा आधार उरत नाही. म्हणूनच एका डोळ्यानं पाहणारी माणसंही लांबचं अंतर उत्तम सांगतात. जवळच्या कामात ती मान किंचित इकडेतिकडे हलवतात. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. जळगावहून चोपड्याला जाताना एसटीच्या खिडकीत हेच दिसतं: कडेची झाडं मागे पळतात, केळीच्या बागा सावकाश सरकतात आणि सातपुडा आपल्याबरोबर चालत राहतो.

लांबचं अंतर आपण वाचतो ते जमिनीवरून. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या नजरेवर काम केलं आणि 1950 मध्ये हा विचार नीट मांडला: पायापासून क्षितिजापर्यंत पसरलेली जमीन हीच डोळ्याची फूटपट्टी. तिच्यावरचा पोत लांब जाता जाता बारीक आणि दाट होत जातो. कपाशीच्या शेतात उभे राहा. पायाशी एकेक झाड, त्याचं पान, मधली भेगाळलेली काळी माती वेगळी दिसते. काही अंतरावर झाडं दिसतात, पानं नाहीत. आणखी पुढे नुसत्या ओळी, आणि शेवटी एक हिरवी चादर. हे बदल कुठे कुठे होतात ते एकदा चालत जाऊन मोजा. तुमच्या डोळ्यांना पानं कुठवर सुटी दिसतात, ओळी कुठवर, हे आकडे फक्त तुमचे, म्हणून वहीत हवेत.

आता एक प्रयोग. सपाट मोकळं रान निवडा, आसपास विहीर, खड्डा, तार काही नको आणि एक जण सोबत हवाच. तीस-चाळीस फुटांवर एक खुंटी ठोका. तिच्याकडे नीट बघा, अंतराचा आकडा तोंडानं सांगा आणि सोबत्याला लिहून घ्यायला लावा. मग डोळे मिटा आणि खुंटी आली असं वाटेपर्यंत चालत जा. पाय बहुतेकदा खुंटीच्या आसपासच थांबतात, तोंडानं सांगितलेला आकडा मात्र बऱ्याचदा कमी निघतो. साधारण साठ-सत्तर फुटांपर्यंत माणसं अशी डोळे मिटून बरीच अचूक चालतात, हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा तपासलं आहे. म्हणून नवख्याला माझा सल्ला: आकडा शोधू नका, मनातल्या मनात तिथवर चालत जा आणि पावलं मोजा. पावलं खरी निघतात.

हे झालं जवळचं. लांब अंतराला वेगळीच अडचण येते. समोरच्या दिशेनं पसरलेलं अंतर आखडून दिसतं. एकामागे एक पाच खेळपट्ट्या आखल्या तर पहिली खरी वाटते, तिसरी आखूड आणि पाचवी अर्धीसुद्धा वाटत नाही. तेवढंच अंतर आडवं असलं की लांब वाटतं. त्यामुळे शंभर-दीडशे फुटांच्या पुढचं अंतर कधीही एका झेपेत सांगायचं नाही. तुकडे पाडा. पहिली खेळपट्टी जिथे संपते तिथली एखादी खूण धरा, दगड, झुडूप, काहीही. तिथे मनानं उभे राहा आणि तिथून दुसरी टाका. किंवा पल्ल्याच्या मध्यावर असलेली वस्तू शोधा, तिथवरचं अंतर सांगा आणि दुप्पट करा. खरा मध्य आपल्याला वाटतो त्यापेक्षा थोडा पलीकडे असतो, हे लक्षात ठेवूनच.

आणि आता नाला. माझे 140 फूट कुठे गेले ते मला नंतर उमगलं. बांधावरून नाल्याचा तळ दिसतच नव्हता. अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत होते. मधली जमीनच नाही, तर नजर वाचणार काय? तिनं दोन कडा शिवून टाकल्या. तळ झाकलेला असेल तर पलीकडची वस्तू जवळ वाटते. उलट सगळा खोलगट भाग डोळ्यासमोर उघडा असेल तर ती लांब वाटते. तापीच्या काठाला, गिरणेच्या कोरड्या पात्राजवळ, नाल्यांनी चिरलेल्या बरड जमिनीवर हा धोका कायम आहे. अशा जागी उभं राहून अंदाज देऊ नका. काठापर्यंत चालत जा, खाली बघा, मग बोला.

पाचवी पायरी: अंगठा आणि करंगळी

अंगठ्याची युक्ती जुनी आणि भरवशाची आहे. हात सरळ ताणा, अंगठा उभा धरा, डावा डोळा मिटून उजव्या डोळ्यानं अंगठा लांबच्या एखाद्या वस्तूवर आणा. आता अंगठा न हलवता डोळे बदला. अंगठा उडी मारून बाजूला गेलेला दिसेल. ती उडी समोरच्या जागी किती फुटांची झाली ते ठरवा आणि दहानं गुणा. उत्तर म्हणजे तिथवरचं अंतर. दहाच का, तर हाताची लांबी दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या साधारण दहापट असते.

समजा, समोर केळीची बाग आहे आणि तिच्या ओळींची टोकं तुमच्याकडे आहेत. अंगठा वीस ओळी ओलांडून गेला. ओळीत पाच फूट, म्हणजे उडी शंभर फुटांची आणि बाग हजार फुटांवर. बागेची कड तुमच्यासमोर आडवी, सरळ हवी. तिरकी असेल तर उत्तर बिघडतं. आणि स्वतःचा गुणाकार एकदा तपासून घ्या: 200 फुटांवर टेप आडवा पसरून उडी मोजा. वीस फुटांची आली तर तुमचा दहा पक्का. माझ्या एका सोबत्याचा साडेनऊ येतो, तो साडेनऊनंच गुणतो.

करंगळी आणखी सोपी. हातभर लांब धरलेल्या करंगळीच्या टोकाची रुंदी साधारण एक अंशाची असते, मधली तीन बोटं मिळून पाच अंश, मूठ दहा. आणि एक अंशाचा हिशेब असा, की वस्तू स्वतःच्या मापाच्या 57 पट लांब असते. करंगळी आडवी धरा. लांब उभा असलेला साडेपाच फुटी माणूस डोक्यापासून पायापर्यंत बरोबर तिच्या जाडीत मावला, तर तो साधारण 310 फुटांवर आहे. अर्ध्या करंगळीत मावला तर दुप्पट लांब. करंगळी कुणाची जाड, कुणाची बारीक, म्हणून इथेही एकदा तपासणी हवी. पट्टीला 57 सेंटिमीटरची सुतळी बांधून ती डोळ्याशी धरा, पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश. करंगळी त्याच्याशी ताडून पाहा.

सहावी पायरी: उंची, खोली आणि चढ

उभी वस्तू तेवढ्याच आडव्या वस्तूपेक्षा लांब वाटते. म्हणूनच निंबाचं झाड तोडून आडवं पडलं की "एवढंसंच होतं होय?" असं सगळे म्हणतात. उंचीचा अंदाज डोळ्यानं सांगू नका, सावलीनं काढा. तीन फुटांची काठी उभी करा, तिची सावली मोजा, त्याच वेळी झाडाची सावली मोजा. काठीची सावली दोन फूट आणि झाडाची वीस, तर झाड तीस फूट. सावलीवरून उंची-अंतर काढायचं गणित भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलंय, आणि त्यांच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे. आपल्याच मातीतली विद्या आहे ही, आवर्जून सांगावंसं वाटतं.

ढग असतील तर क्षितिजाची युक्ती वापरा. सपाट रानात उभे राहिलात की क्षितिजाची रेघ प्रत्येक वस्तूला तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर कापते, मग ती वस्तू जवळ असो वा लांब. तुमचे डोळे पाच फुटांवर आहेत आणि रेघ खांबाला खालून पाचव्या हिश्शावर कापते, तर खांब 25 फुटांचा. उत्तरेला सातपुडा आडवा येतो, तिकडे क्षितिज दिसत नाही. तापीच्या खोऱ्यात पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून हे साधतं. जमीन उतरती असेल तर सोडून द्या.

विहिरीत वरून डोकावलं की खोली आहे त्याहून जास्त वाटते. दोरीला दगड बांधून सोडा, विषय संपला.

चढाच्या बाबतीत तर नजर फारच वाढवून सांगते. व्हर्जिनिया विद्यापीठातले डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये लोकांना टेकड्यांच्या पायथ्याशी उभं करून चढ विचारला. पाच अंशांचा चढ लोकांनी साधारण वीस अंशांचा सांगितला. तोरणमाळच्या घाटात पहिल्यांदा गाडी घातलेला माणूस रस्ता भिंतीसारखा होता म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, त्याला तसाच दिसलेला असतो. शेतातला उतार ठरवायला मात्र पाण्याची लेव्हल-नळी लागते, तिथे नजर अजिबात चालवू नका. ठिबकच्या दाबाचा सगळा हिशेब उतारावर आहे.

सातवी पायरी: हवा आणि उजेड

परतीचा पाऊस होऊन गेला की ऑक्टोबरच्या सकाळी फैजपूरकडून सातपुडा असा दिसतो की घळीतली झाडं मोजावीत. एप्रिलमध्ये तोच डोंगर धुरकट निळा, कधी गायबच. डोंगर हलत नाही. मधल्या हवेमुळे आणि तिच्यातल्या धुळीमुळे लांबची वस्तू फिकी आणि निळसर होते आणि मेंदू फिकेपणाचा अर्थ अंतर असा लावतो. स्वच्छ हवेत डोंगर जवळ वाटतो आणि नवखी पोरं पाण्याची एकच बाटली घेऊन निघतात. हे करू नका. नकाशावर अंतर बघूनच निघा.

सूर्य पाठीशी असेल तर समोरचं जवळ वाटतं, डोळ्यांवर ऊन येत असेल तर लांब. एकसारख्या पृष्ठभागावरून, म्हणजे पाण्यावरून किंवा नुकत्याच पाळी घातलेल्या काळ्या रानावरून पाहताना अंतर कमी वाटतं. केळीच्या दोन ओळींमधल्या बोळातून पाहिलं की जास्त. सरळ लांब रस्त्यावर पुन्हा कमी. शक्यतो एकच अंतर दोन्ही टोकांकडून पाहा. दोन आकडे येतील, त्यांच्यातला फरकच सांगेल किती विश्वास ठेवायचा.

वाट विचारली तर गावाकडे "हाई काय, जोडेच शे" (हे काय, जवळच आहे) असं प्रेमानं सांगतात. सांगणारा रोज तेवढं सहज चालतो, त्याच्या लेखी ते जवळच. तेव्हा "किती लांब?" असं विचारण्याऐवजी "मध्ये किती शेतं लागतील?" असं विचारा.

कोजागिरीला केळीच्या बागेमागून उगवणारा चंद्र परातीएवढा वाटतो. तेव्हा हरभऱ्याचा एक दाणा हातभर लांब धरून एक डोळा मिटा, चंद्र पूर्ण झाकला जातो. मध्यरात्री डोक्यावर आलेल्या चंद्रावर तोच दाणा पुन्हा धरा, तेवढाच झाकतो. चंद्राचा कोन दोन्ही वेळा अर्धाच अंश. फरक पडतो तो भोवतालामुळे. क्षितिजाशी झाडं, घरं, पसरलेली जमीन असते, मेंदू ते अंतर मोठं धरतो आणि चंद्र फुगवतो, असं स्पष्टीकरण इब्न अल-हैथम यांच्यापासून चालत आलं आहे. त्यावर अजूनही एकमत नाही. पण पोरांना हरभऱ्याचा प्रयोग करायला लावला की नजर आकार वाढवते म्हणजे काय, ते एका रात्रीत पटतं.

आठवी पायरी: हलत्या वस्तूंपुढे अंदाज बांधू नका

इथे चूक पाइपवर भागत नाही, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

रेल्वे फाटकाशी उभे असताना लांबून येणारी गाडी जागीच उभी आहे असं वाटतं. ताशी 100 किलोमीटरनं येणारी गाडी एक किलोमीटरवर असेल तर तिला पोहोचायला 36 सेकंद लागतात. पहिल्या 18 सेकंदांत ती 500 मीटरवर येते, आणि एवढ्या वेळात तिचं रूप डोळ्यात फक्त दुप्पट होतं. आधीच ठिपका, त्याचा थोडा मोठा ठिपका. शेवटचे 250 मीटर ती नऊ सेकंदांत कापते आणि तेव्हाच ती अंगावर येताना दिसते. भर म्हणजे, मोठी वस्तू खऱ्या वेगापेक्षा सावकाश चालल्यासारखी दिसते, हे हर्शेल लीबोविट्झ यांनी 1985 मध्ये रेल्वे फाटकांच्याच संदर्भात मांडलं होतं. फाटक बंद असेल तर नजर काहीही सांगो, थांबायचं.

मोटरसायकलचं उलट आहे. ट्रक आणि मोटरसायकल एकाच अंतरावरून एकाच वेगानं येत असतील, तर लहान दिसणारी मोटरसायकल उशिरा पोहोचेल असं वाटतं. आणि रात्री एकच दिवा दिसला तर अंतराचा काही आधारच राहत नाही. ती जवळची मोटरसायकल असेल किंवा एक दिवा गेलेला लांबचा ट्रॅक्टर. कापसानं भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली तर दिसतच नाही. ट्रॉलीवाल्या भावांना हात जोडून विनंती आहे, मागे लाल रिफ्लेक्टर लावा. आणि गाडीच्या बाहेरच्या फुगीर आरशात वस्तू लहान, म्हणून लांब दिसते. लेन बदलण्याआधी मान वळवून बघा.

नववी पायरी: वही

पाच रकाने आखा: तारीख आणि वेळ, जागा, नजरेचा अंदाज, टेपचा आकडा, ऊन-हवा-जमीन. अंदाज आधी लिहायचा, टेप नंतर लावायचा. उलट केलं तर काही शिकता येत नाही, कारण टेप पाहिल्यावर "मी तेवढंच म्हणत होतो" असं मनाला वाटायला लागतं. दिवसाला पाच नोंदी पुरे. महिन्यानं पान उलटून पाहा, चुका विखुरलेल्या नसतात, एका बाजूला झुकलेल्या असतात. माझ्या वहीत 300 फुटांच्या पुढचं अंतर मी सातत्यानं सहाव्या हिश्शानं कमी सांगतो, असं निघालं. आता मी तेवढं मनात मिळवूनच बोलतो.

मागच्या आठवड्यातली एका नव्या पोराची नोंद अशी आहे: "सकाळी 8:10. नाल्याच्या पलीकडची मोटार-खोली. अंदाज 260. काठावर जाऊन पुन्हा अंदाज 330. टेप 345. तळ आधी दिसत नव्हता." त्याला अजून दोन आठवडे झाले नाहीत कामावर येऊन.